वळचणीला टांगलेला बर्डफीडर आणि शिडीवर चढणारे मिस्टर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "घर दोन मजली. मिस्टरांचं वय ६३, बीपीची गोळी चालू. हिवाळाभर दर दोन दिवसांनी ॲल्युमिनियमची शिडी छपराच्या गटरला टेकवून वर चढतात आणि वळचणीला टांगलेल्या फीडरमध्ये दाणे भरतात. खाली ठेवला की खारी फस्त करतात म्हणून तो वर टांगलाय. त्याच शिडीवर उभं राहून झाडूने छपरावरचा बर्फ ढकलतात. थांबा म्हटलं तर म्हणतात, दाणे बंद केले तर पक्षी मरतील. पक्ष्यांचं खाणं चालू ठेवून ही शिडी कशी बंद करू?"

ताई, पक्षी मरतील या भीतीचं आधी बघू, कारण शिडी सगळी तिच्यावरच उभी आहे.

तुमच्याकडे येतात त्या काळ्या टोपीच्या चिकडीवर विस्कॉन्सिनमध्ये १९८० च्या दशकात नीट अभ्यास झाला. पक्षी जेमतेम ११ ग्रॅमचा. फीडर असलेल्या भागातल्या ६९ टक्के चिकडी हिवाळा पार करून जगल्या, फीडर नसलेल्या भागातल्या ३७ टक्के. हा फरक मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत पडला. म्हणजे दाण्यांचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण त्याच अभ्यासकांनी पुढे वर्षानुवर्षं दाणे मिळत आलेल्या जागेचे फीडर काढून घेतले, तेव्हा तिथल्या चिकडी इतर ठिकाणच्या चिकडींइतक्याच जगल्या. फीडर असतानाही त्यांचं बहुतेक खाणं झाडाच्या सालीतले किडे, अंडी, बिया असंच असतं, शिवाय त्या दाणे लपवून ठेवतात. तेव्हा बर्फ पडत असताना दोन दिवस फीडर रिकामा राहिला तर कोणीही उपाशी मरत नाही. हे मिस्टरांना जसंच्या तसं वाचून दाखवा.

आता शिडी. तिच्यात एक नाही, चार चुका एकत्र आल्या आहेत. ॲल्युमिनियमचं गटर भार घेण्यासाठी नसतंच. ते पातळ पत्र्याचं असतं, थंडीत त्यावर बर्फाचा थर असतो आणि शिडीचे दांडे त्यावरून बाजूला घसरतात. खाली शिडीचे पाय गोठलेल्या गवतावर किंवा डेकवर असतात, आणि तिथे रबरी तळव्याची पकड जवळजवळ शून्य. बुटाला लागलेला बर्फ पायरीवर दाबला जाऊन गुळगुळीत होतो. आणि एका हातात दाण्यांचा डबा म्हणजे दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय कायम शिडीला टेकलेले असावेत, हा नियम पहिल्याच पायरीला मोडला. त्यात बीपीच्या काही गोळ्यांनी पटकन उभं राहिल्यावर किंवा हालचाल केल्यावर चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळीही चालू असेल तर पडून डोक्याला मार लागल्यावर "काही झालं नाही, बरा आहे" यावर विश्वास ठेवायचा नाही. थेट इमर्जन्सीत न्यायचं, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी कळतो.

जमीन कोरडी असलेल्या दिवसांत शिडी लावायचीच असेल तर प्रमाण चारास एक. शिडी १६ फुटांवर टेकत असेल तर पाया भिंतीपासून ४ फूट. वरच्या टोकाला स्टॅबिलायझर म्हणून मिळणारा रुंद आडवा दांडा बसवायचा, म्हणजे भार गटरऐवजी भिंतीवर किंवा छपरावर येतो. वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल दोन्ही दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. ते बाहेर गेलं म्हणजे माणूस वाजवीपेक्षा जास्त वाकला. शिडीच्या बाजूला क्षमतेचं लेबल असतं. टाइप ३ म्हणजे २०० पौंड, टाइप २ म्हणजे २२५, टाइप १ म्हणजे २५०, टाइप १ए म्हणजे ३००. यात माणूस, जाड कपडे, बूट आणि हातातलं सामान सगळं मोजायचं. घरी बहुधा सर्वांत स्वस्त म्हणून टाइप ३ आणलेली असते. रस्त्यावरून घरात येणाऱ्या विजेच्या तारेपासून शिडी १० फूट लांब, आणि ॲल्युमिनियमची असेल तर त्या बाजूला न्यायचीच नाही.

पण दाण्यांसाठी यातलं काहीच लागणार नाही. फीडर खाली आणायचा.

खारींचा बंदोबस्त उंचीने होत नाही. त्या छपरावरून आणि झाडावरून उतरून येतात, म्हणजे वळचणीचा फीडर त्यांना उलट सोयीचा. बंदोबस्त होतो तो अंतराने आणि बॅफलने, म्हणजे खारीला वर चढू न देणाऱ्या अडसराने. निदान एक इंच जाडीचा लोखंडी खांब घ्या. टोकाला हूक असलेले अर्ध्या इंचाचे स्वस्त खांब दोन फीडर टांगले की वाकतात. तो झाड, कुंपण, डेकचा कठडा, भिंत या सगळ्यांपासून १० फूट दूर हवा, कारण खार आडवी उडी आठ-नऊ फूट सहज मारते. खांबावर नळकांड्यासारखा पत्र्याचा बॅफल बसवा, सहा ते आठ इंच व्यासाचा, दीड-दोन फूट लांब. त्याची वरची कड जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर असावी. फीडर त्याच्या वर, हात वर केला की पोहोचेल असा. फूटभर बर्फ साचला की जमीन फूटभर वर येते आणि खार बॅफलवरून उडी मारते. म्हणून खांबाभोवतीचा बर्फ उपसावा लागतो. बॅफल लावूनही खारी येत असतील तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं.

खांब रोवायची वेळ नोव्हेंबर. जमिनीत दीड-दोन फूट काही ठोकायच्या काही दिवस आधी ८११ या खोदकामाआधी कळवायच्या नंबरला फोन करा. ते येऊन गॅस आणि केबलच्या लाइनी फुकट आखून देतात. आता जमीन गोठली असेल तर पाच गॅलनची बादली घ्या, मध्यभागी खांब सैलसर जाईल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा धरा आणि भोवती ६० पौंडी काँक्रीटची पिशवी कालवून ओता. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. जास्त झालं की काँक्रीट ठिसूळ होतं. हे काम गरम तळघरात करा, कारण गोठत्या थंडीत काँक्रीट पकडत नाही. दोन-तीन दिवस हलवू नका. नंतर बादली हातगाडीवरून बाहेर न्यायची, मिस्टरांनी उचलून नाही.

जागा निवडताना खिडकीचा विचार करा. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत असावा, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. तीन फुटांच्या आत असला तर पक्षी दचकून उडाला तरी काचेवर आदळताना त्याचा वेग कमी असतो. दहा-पंधरा फुटांचं अंतर सर्वांत वाईट, आणि लहान बॅकयार्डमध्ये नेमकं तेच मिळतं. तसं असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा. ससाण्याचं एकच काळं चित्र चिकटवून काही होत नाही. पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतात. दहा-बारा फुटांवर एखादं दाट झुडूप असेल तर छान, लपायला जागा मिळते. त्याहून जवळ नको, तिथे मांजर दबा धरून बसतं.

झाडावरच फीडर टांगायचा हट्ट असेल तर ऑक्टोबरात, कोरड्या दिवशी, खाली कोणी शिडी धरलेली असताना एकदाच फांदीला कप्पी बांधून घ्या आणि पाव इंची विणलेली दोरी तिच्यातून खाली सोडा. विहिरीच्या रहाटासारखं, फीडर खाली घ्यायचा, भरायचा, वर ओढायचा. दोरी खोडाला चार फुटांवर लावलेल्या खुंटीला गुंडाळायची. खारींना मात्र यात मोकळं रान आहे.

दाण्यांचं सांगायचं तर एकच पिशवी घ्यायची असल्यास काळ्या सालीचं तेलबियांचं सूर्यफूल घ्या. साल पातळ, तेल भरपूर, चिकडी, कार्डिनल, नटहॅच, फिंच सगळे खातात. स्वस्त मिश्रणात लाल ज्वारी भरलेली असते. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचे बहुतेक फीडरचे पक्षी ती उकरून खाली टाकतात आणि खाली उंदीर येतात. त्या पैशात निम्मं पण चांगलं धान्य येतं.

दोन बिया मात्र तुमच्या ओळखीच्या निघतील. तिकडे सॅफ्लॉवर म्हणून मिळते ती आपली करडई. लाल कार्डिनल ती आवडीने खातो, खारींना आणि ग्रॅकल पक्ष्यांना ती सहसा रुचत नाही. बॅफल लावूनही त्रास असेल तर फीडरमध्ये निव्वळ करडई भरून बघा. आणि नायजर म्हणून महाग विकतात ते आपले चटणीचे कारळे. त्यांतले बरेचसे भारतातूनच जातात. तणाचं बी रुजू नये म्हणून अमेरिकेत येताना उष्णता देऊन निर्जीव केलेले असतात. गोल्डफिंच त्यांच्यासाठीच येतात. कारळ्यांना बारीक छिद्रांचा वेगळा फीडर किंवा जाळीची पिशवी लागते, आणि ते ओले झाले की गठ्ठा होऊन बुरशी धरतात. पिशवी भरलेली असून फिंच येत नसतील तर कारळे शिळे झालेत असं समजा. थोडेच आणा.

जंको आणि होला जमिनीवर टिपतात, त्यांच्यासाठी एक बसकं ताट पुरे. त्यात अंधार पडेपर्यंत संपेल एवढंच टाकायचं, साधारण दोन मुठी. शिळी पोळी, भात, फरसाण, खारे शेंगदाणे टाकू नका. पोळी-भाताने पोट भरतं पण थंडीला लागणारी ऊर्जा मिळत नाही, आणि मीठ लहान पक्ष्यांना बाधतं. बिनमिठाचे भाजके शेंगदाणे चालतात, कच्चे नकोत.

सूएट म्हणून विकतात त्या वड्या बहुधा गाईच्या चरबीच्या असतात. घरात ते नको असेल तर एक कप पीनट बटर, एक कप वनस्पती शॉर्टनिंग, चार कप मक्याचं जाडसर पीठ आणि एक कप गव्हाचं पीठ एकत्र मळा, चौकोनी डब्यात थापून फ्रीजरमध्ये घट्ट करा आणि जाळीच्या पिंजऱ्यात घाला. पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलेलं असेल तर तो घेऊ नका. ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर जीवघेणं ठरतं. ही वडी थंडीपुरतीच. पारा ५० फॅरनहाइटच्या वर गेला की मऊ पडते आणि पिसांना चिकटते. मिस्टर तिला "पक्ष्यांचा लाडू" म्हणतील, म्हणू द्या.

भरायची वेळ बदला. सकाळी उठल्या उठल्या नाही, दुपारी दोन-तीनला. सकाळी वाटेवर काचेसारखा न दिसणारा बर्फ असतो, दुपारी तो निदान दिसतो किंवा वितळलेला असतो. पक्षी सर्वांत जास्त खातात ते संध्याकाळी झोपण्याआधी आणि उजाडताना. दुपारी भरलेला फीडर दोन्ही वेळा कामाला येतो. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्याचे खिळे मिळतात ते घालायचे, आणि घरात शिरण्यापूर्वी काढायचे, कारण ओल्या टाइलवर तेच घसरवतात.

फीडरची वाट मिठाने मोकळी करू नका. चिमण्यांसारखे दाणे खाणारे पक्षी पचनासाठी खडे टिपतात आणि रॉक सॉल्टचा खडा त्यांना तसाच दिसतो. लहान पक्ष्याला थोडे खडेही घातक ठरतात. त्या वाटेवर वाळू टाका.

दोन आठवड्यांतून एकदा फीडर रिकामा करून साबणाने घासा. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, भरपूर धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. ओल्या फीडरमध्ये दाणे घातले की तळाशी बुरशी ठरलेली. हे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका. पक्ष्यांकडून येणारा साल्मोनेला हा पोटाचा जंतुसंसर्ग माणसालाही होतो. डोळे सुजलेला, चिकटलेला हाउस फिंच दिसला तर तो १९९४ पासून पूर्वेकडे पसरलेला डोळ्यांचा आजार असण्याची शक्यता मोठी. तेव्हा किंवा एखादा पक्षी फुगून, सुस्त बसलेला दिसला तर फीडर दोन आठवडे उतरवून ठेवा. खालची टरफलंही दर आठवड्याला गोळा करायची. दाणे गॅरेजमध्ये पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. प्लॅस्टिक उंदीर कुरतडतात. अस्वलांचा वावर असलेल्या उत्तरेकडच्या ससेक्स, मॉरिस भागात नातेवाईक असतील तर त्यांनी फीडर रोज संध्याकाळी आत घ्यावा.

पाणी ठेवायचं तर हीटर असलेलं उथळ भांडं, पाणी दीड-दोन इंचच. जोडणी बाहेरच्या झाकण असलेल्या जीएफसीआय (गळती झाली की वीज तोडणाऱ्या) प्लगला, वायर बाहेरच्या वापरासाठी बनवलेलीच. घरातली पांढरी एक्स्टेन्शन वायर दाराच्या फटीतून बाहेर काढलेली असेल तर शिडीइतकीच ती काळजीची. पाणी गोठू नये म्हणून ग्लिसरीन किंवा अँटीफ्रीझ घालू नका.

आता छपरावरचा बर्फ. बहुतेक वेळा तो काढायची गरजच नसते. दहा-बारा इंच ताज्या भुसभुशीत बर्फाचा भार चौरस फुटाला साधारण ५ पौंड. तीन-पाच इंच जुन्या दाबलेल्या बर्फाचाही तेवढाच, आणि इंचभर नितळ बर्फाचाही. चांगल्या अवस्थेतलं साधं छप्पर २० पौंड पेलतं. म्हणजे ताजा बर्फ चार फूट साचेपर्यंत घाईचं काही नाही. दारं अचानक अडकायला लागली, छताला नव्या भेगा पडल्या, कुरकुर ऐकू आली, तर मात्र घराबाहेर पडा आणि माणूस बोलवा.

खरा त्रास असतो वळचणीवर साठणाऱ्या बर्फाच्या बांधाचा. माळ्यातून निसटणाऱ्या उष्णतेने वरचा बर्फ वितळतो, पाणी थंड वळचणीवर येऊन गोठतं, आणि मागचं पाणी शिंगल्सखाली (छपरावरच्या पातळ पट्ट्यांखाली) शिरून भिंतीत उतरतं. त्यासाठी रूफ रेक, म्हणजे जमिनीवरून छपरावरचा बर्फ ओढायचं दाताळं आणा, सुमारे २० फुटांपर्यंत लांबणारा दांडा आणि खाली छोटी चाकं असलेला. चाकं नसतील तर शिंगल्सचे दाणे खरवडले जातात. जमिनीवर, बाजूला उभं राहून कडेचा तीन-चार फुटांचा पट्टा मोकळा करायचा. बर्फ वरून खाली, सरळ ओढायचा, इंच-दोन इंच तसाच ठेवायचा. ढिगाच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, आणि विजेच्या तारेच्या बाजूला धातूचा दांडा उचलायचा नाही. बांध आधीच झाला असेल तर जुन्या नायलॉनच्या मोज्यात कॅल्शियम क्लोराइड (बर्फ वितळवणारा क्षार) भरून तो रेकने ढकलत बांधावर ठेवा, गटरच्या रेषेत आडवा नाही, तर उताराच्या दिशेने उभा, टोक गटरच्या बाहेर. त्यातून पाण्याला वाट होते. रॉक सॉल्ट नको, ते गटर खातं. हातोडा तर नकोच. कायमचा इलाज माळ्यात आहे: फटी बुजवणं आणि इन्सुलेशन आर-४९ ते आर-६० पर्यंत नेणं (आर म्हणजे उष्णता रोखण्याचं माप). त्याचा खर्च एकदाच.

फावड्याबद्दल थोडं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि वजन उचलताना श्वास रोखला की बीपी एकदम चढतं. ओल्या बर्फाने भरलेलं फावडं १५-२० पौंडांचं असतं. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त, हे अमेरिकन हार्ट असोसिएशननेही नोंदवलंय. जेवणानंतर लगेच नाही, उचलण्यापेक्षा ढकलायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी आत यायचं, फोन खिशात. छातीवर दाब, जबडा किंवा हात दुखणं, घाम, धाप यांपैकी काहीही झालं तर ९११. आधी गरम चहा पिऊन बघू, असं नाही. स्नो ब्लोअर घेतलात तर त्याच्या नळीत हात कधीच नाही, इंजिन बंद असलं तरी नाही: अडकलेल्या पात्यात ताण राहिलेला असतो आणि बर्फ सुटला की ते अर्धा फेरा फिरतं, बोटं जायला तेवढं पुरतं. सोबत येणारी काठीच वापरायची.

मिस्टरांना "चढू नका" म्हणून सांगून थकलात, हे उघड आहे. त्यापेक्षा खांब, बॅफल आणि रेक एकाच शनिवारी घरी आणा आणि खांबाची जागा त्यांनाच मोजून ठरवू द्या. तीस फूट, दहा फूट, पाच फूट ही मापं हातात टेप असलेल्या माणसाला आवडतात. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा वळचणीला अजून लटकत असतील तर त्या मार्चपर्यंत राहू द्या, नुसता प्लग काढा.

वसंतात गटर साफ करायला माणूस बोलवाल तेव्हा त्याच्याकडे लायबिलिटी (तुमच्या नुकसानीचा) आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामगाराच्या इजेचा) अशा दोन्ही विम्यांचं प्रमाणपत्र मागा, आणि ते विमा कंपनीकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा. पन्नास डॉलर कमी सांगणाऱ्याकडे ते बहुधा नसतं, आणि तो तुमच्या आवारात पडला तर दावा तुमच्या घराच्या विम्यावर येऊ शकतो.